उलटेरावांनी न सांगितलेलं नाव

आमच्या ह्यांना अख्खी गल्ली उलटेराव म्हणायची. ह्यांचं रबरी शिक्के बनवायचं दुकान. शिक्क्यावर अक्षरं उलटी असावी लागतात, तेव्हा कुठे ती कागदावर सुलटी उमटतात. तीस वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे उलटे वाचत जुळवल्यावर माणसाचं डोकं तरी सरळ कसं राहील? मी रागावले की हे खूश दिसायचे आणि मी लाडात आले की ह्यांना घाम फुटायचा.

मूग गिळून गप्प बसण्यात मात्र ह्यांचा हात कोणी धरला नसता. कोण भावापासून फुटून वेगळं दुकान काढतोय, कोणता डॉक्टर गाशा गुंडाळतोय, सगळं शिक्क्यावरून ह्यांना आधी कळायचं. मला कळायचं ते गल्लीतल्या सगळ्यांच्या शेवटी. विचारलं तर म्हणायचे, "लोकांचं काम आहे, लोकांना बोलू दे." एवढं बोलले की दिवसाचा कोटा संपला.

मग ते जिल्ह्याचं खूळ निघालं. जिल्हा फार मोठा झाला, त्याचे दोन करायचे असं सरकारने ठरवलं. नवा जिल्हा आमच्या भागात होणार हे पक्कं होतं, पण त्याचं मुख्य ठिकाण कोणतं? आमचं शहर म्हणे, "आम्ही." पंधरा किलोमीटरवरचं माझं माहेर म्हणे, "आम्ही." कचेरी, कोर्ट, मोठं हॉस्पिटल, सगळं तिथे जाणार. ज्यांनी आयुष्यात कोर्टाची पायरी चढली नव्हती तेसुद्धा कोर्टासाठी बाह्या सरसावून उभे राहिले.

आधी मोर्चे निघाले, मग दगड आले, मग रॉकेल. आमच्या लोकांनी तिकडच्या दुधाच्या गाड्या उलथवल्या. तिकडच्यांनी आमच्या एका मास्तरांना पुलावर गाठून सळईने मारलं. मास्तर तिसऱ्या दिवशी गेले. त्याचा सूड म्हणून आमच्या लोकांनी तिकडचा एक भाजीवाला भर बाजारात ठेचला. मी तेव्हा पिशवी घेऊन तिथेच उभी होते. टोमॅटो कुठला आणि रक्त कुठलं ते बघत पाय टाकत घरी आले आणि चपला दाराबाहेर धुतल्या. ज्यांनी मारलं त्यातले दोघे मला रोज नमस्कार करणारे होते.

माझा धाकटा भाऊ या दोन गावांमधली बस चालवायचा. दोनदा काच फुटली, तेव्हा त्याने समोर आणि आपल्या बाजूच्या खिडकीला लोखंडी जाळी ठोकून घेतली. मी म्हटलं, "रजा टाक रे." तर म्हणाला, "ताई, बाळंतिणी काय जिल्हा ठरेपर्यंत थांबणार आहेत?" असा शहाणा. आई गेल्यापासून मीच वाढवलेला.

एका बुधवारी मोठ्या कचेरीतला कारकून बंद लिफाफा घेऊन दुकानात आला. नव्या कचेरीचे अकरा शिक्के हवे होते. घोषणा सोमवारी होणार होती, तोवर नाव बाहेर जाता कामा नये. ह्यांनी लिफाफा उघडून वाचला आणि दुकानाचं दार ओढून घेतलं. दुकान घराच्या पुढच्या खोलीत, आणि शिक्क्यांना लाकडी मुठी चिकटवायचं काम माझं. संध्याकाळी मुठी चिकटवताना मी एक शिक्का शाईवर दाबून वर्तमानपत्राच्या कडेला मारून पाहिला.

नाव आमच्या शहराचं नव्हतं. माझ्या माहेराचंही नव्हतं. ते होतं फाट्याचं. तीन रस्ते मिळतात ती जागा, तिथे शे-दीडशे घरं आणि पंक्चरचं एक दुकान. त्या गावाला कागदोपत्री लांबलचक नाव आहे हे मला त्या दिवशी कळलं. मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना, कारण मला ते मास्तर आठवले.

"दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता चौकात जाऊन सांगा. आता तरी मेले घरी बसतील."

"नाही," हे म्हणाले.

"का नाही? परवाना जाईल म्हणून?"

"नाव फुटता कामा नये." तो वर्तमानपत्राचा कपटा त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि चुलीत घातला.

मी खूप बोलले, घालून पाडून बोलले. निदान भावाला तरी फोन करते म्हटलं. तर म्हणाले, "एकाला सांगितलं की सगळ्यांना सांगितलं." खरं सांगायचं तर मला फोन करता आला असता. ह्यांनी काही माझे हात बांधले नव्हते. चारच दिवसांचा प्रश्न आहे असं मनाला सांगून मी गप्प बसले. गुरुवारी शिक्के गेले.

शनिवारी सकाळी आमच्याकडचे मोर्चे काढणाऱ्या समितीची माणसं दुकानात शिरली. अध्यक्ष म्हणजे कापडवाला, त्याच्याबरोबर आमच्याच गल्लीतला सायकलवाला आणि पाच-सहा जण. कारकून आल्याचं कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं.

"नाव काय आहे ते सांगा, उलटेराव," अध्यक्ष म्हणाला.

"लोकांचं काम मी बाहेर सांगत नाही."

"मग आम्ही लोक नाही का?"

ह्यांनी मान खाली घातली आणि हातातले खिळे जुळवत राहिले. रबर शिजवायचं दाबयंत्र तापलेलं होतं. दोन लोखंडी पाट, वर चाक. चाक फिरवलं की पाट एकमेकांवर घट्ट बसतात. सायकलवाल्याने ह्यांचा उजवा हात धरून त्या पाटांमध्ये घातला. अध्यक्षाने चाक फिरवलं. आधी मांस भाजल्याचा वास आला, मग हाड मोडल्याचा आवाज आला. ह्यांनी डाव्या हाताने सदऱ्याची कॉलर ओढून दातांत धरली होती. अध्यक्षाने विचारलं, "नाव?" ह्यांनी मान हलवली. चाक आणखी अर्धा फेरा फिरलं.

मग मला राहवलं नाही. मी ओरडले, "फाटा. फाट्याला देणार आहेत. सोडा त्यांना."

मग अध्यक्ष हसला. "फाटा? तिथे मुतायला आडोसा नाही, तिथे कलेक्टर बसणार? अरे, हिचं माहेर तिकडचं. आपल्याला भलत्याच वाटेला लावतेय."

मागून कोणीतरी म्हणालं, "बसवाला हिचाच भाऊ ना? अकराची बस येईलच आता."

ह्यांचा हात तसाच ठेवून ते सगळे बाहेर पळाले. मी चाक उलटं फिरवू लागले, पण ते घट्ट बसलं होतं. हात अडकल्यापासून हे पहिल्यांदाच बोलले, "तू स्टँडवर जा." मी गेले नाही. दोन्ही पाय भिंतीला लावून चाक सोडवलं, हात बाहेर काढला, आणि मग धावले.

बस पेटलेली होती. प्रवाशांना त्यांनी उतरू दिलं होतं, ते मी नाकारणार नाही. ड्रायव्हरचं दार मात्र बाहेरून तारेने बांधलं होतं, आणि मागच्या दारात रॉकेलचे कॅन घेऊन माणसं उभी होती. खिडकीला त्याची स्वतःची जाळी. त्या जाळीला आतून त्याची बोटं दिसत होती. मी जवळ जायला लागले तेव्हा कोणीतरी माझे केस धरून मला मागे ओढलं. मग ती बोटं दिसेनाशी झाली.

सोमवारी सरकारने फाट्याचं नाव जाहीर केलं. दोन्ही गावं संध्याकाळपर्यंत चिडीचूप झाली. समिती आपोआप मोडली. बसच्या खटल्यात एकही साक्षीदार मिळाला नाही, मला सोडून.

ह्यांची चार बोटं काढावी लागली. दुकान बंद झालं. मी ह्यांना जेवायला वाढायची, औषध द्यायची, पण बोलले नाही. तुम्ही बुधवारी सांगितलं असतं तर तो जिवंत असता, हे मला त्यांच्या तोंडावर म्हणायचं होतं. आणि मी शनिवारीही तोंड बंद ठेवलं असतं तरी तो जिवंत असता, हे मला ऐकायचं नव्हतं. आठ महिने असेच गेले.

परवा सायकलवाला दाराशी आला. जामिनावर सुटलाय. आत ये म्हटलं नाही, तर उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी तुम्ही खरं बोलत होतात. आम्हाला खोटं वाटलं."

मी विचारलं, "खरं वाटलं असतं तर?"

माफी मागायला आला होता तो, खोटं बोलायला नव्हे. त्याने खाली बघत खरंच विचार केला.

"तर बसकडे गेलो नसतो, वहिनी," तो म्हणाला. "कॅन भरलेलेच होते. फाट्यावर गेलो असतो."

मी दार लावलं आणि आत आले. हे डाव्या हाताने सदऱ्याचं बटण लावायची खटपट करत होते. नाव फुटलं की ते कॅन कुठे जातील हे त्यांना बुधवारीच कळलं होतं का, ते मी विचारलं नाही. त्यांच्यासमोर बसले आणि गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावून दिली.