साग, बगळा आणि आमचे हे

आमचे हे कातारकाम करतात. म्हणजे लेथवर लाकूड फिरवून खुर्च्या-पलंगांचे पाय घडवतात. जुना लेथ पायाने चालायचा. उजवा पाय खालच्या फळीवर सतत वरखाली, सगळा भार डाव्यावर. जन्मभर असे एका पायावर उभे, म्हणून गल्लीने नाव पाडलं बगळा. मी मात्र यांना साग म्हणते. बगळा निदान मासा मिळाला की उडतो तरी. साग रुजला तिथेच उभा, कितीही डोकं आपटा.

"दोघांचा गुण एकच," हे म्हणायचे. "पाण्यात उभे राहिले तरी पाय कुजत नाहीत."

यांचा कुजला नाही, पण डावा गुडघा कामातून गेला. डॉक्टरांनी उभं राहून काम करायचं नाही म्हणून बजावलं. आमची थोरली मोटारी दुरुस्त करते. तिने हौसेने मोटरवरचा लेथ आणून दिला, समोर उंच स्टूल ठेवलं. म्हणाली, "बाबा, आता बसून आरामात करा."

आराम कसला, डोंबल! पटाशी लावली की हात थरथरायचा. चांगल्या सागाचे पाय एकामागून एक वाया गेले. शेवटी यांनी पटाशी पुसून ठेवून दिली. "दुकान बंद करू," म्हणाले आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही, तरी बोलले नाहीत. साग वाळला की कामाला येतो, माणूस वाळला की संपलं.

मी थोरलीला गाठलं. "अगं, स्टुलावर बसले तरी यांचा उजवा पाय खाली फळी शोधत असतो. हाताला ताल पायाकडूनच मिळायचा ना!"

थोरलीने जुन्या लेथची फळी काढली आणि नव्याच्या खाली नुसती स्प्रिंगवर बसवली. मग आम्ही दोघींनी यांना अक्षरशः ओढत दुकानात नेलं.

हे स्टुलावर बसले. फळीकडे बघितलं, पाय ठेवला, मोटर लावली. पाय वरखाली होऊ लागला आणि हात ठरला. सागाचा कीस सरसर निघायला लागला. खुर्चीचा पाय असा देखणा उतरला की मला रडूच फुटलं.

थोरलीला राहवेना. "बाबा, ती फळी कशालाच जोडलेली नाही हं."

"दिसतंय मला," हे मान वर न करता म्हणाले. "पायाला सांगू नकोस."