उंबराचं पाणी आणि आभारप्रदर्शन

तुमच्या वस्तीतल्या नागरिक मंडळात गेल्या वर्षभरात जे पाहुणे भाषण करून गेले, त्यांतला कोण तुमच्याकडे काय मागायला आला होता, हे तुम्हांला सांगता येईल का? विषय आठवतील. हार कुणी घातला, चहाबरोबर काय होतं, तेही आठवेल. मी विचारतो आहे ते मागण्याबद्दल.

आमच्या मंडळाला ते सांगता आलं नसतं. एका पाहुण्याचं मागणं मला ठाऊक आहे, कारण ते त्यांनी आपल्या तोंडाने सांगितलं. फक्त सभा संपल्यावर सांगितलं.

आमची वस्ती अंधेरीला, स्टेशनच्या पूर्वेला, भातखाचरांवर भराव घालून उठवलेली. राहणारे सगळे नवे. कुणी गिरगावातून आलेले, कुणी लालबाग-परळातून, बरेचसे मूळचे कोकणातले. वस्तीच्या मागे एक मोकळं शेत होतं आणि शेतापलीकडे ख्रिस्ती लोकांचं जुनं गाव. कौलारू घरं, गल्लीच्या तोंडाशी क्रूस, मागे भाजीच्या वाड्या. त्या लोकांची बोली मराठीच. आम्ही येण्याच्या किती पिढ्या आधीपासून ते तिथे होते, कोण जाणे. त्यांच्या बायका लाल लुगडी नेसून आमच्या दारात वांगी, मुळा विकायला येत. त्यापलीकडे आमचा त्यांचा संबंध नव्हता.

माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. मी वाचायला शिकलो तो त्यांनी घरी आणलेल्या पत्रकांवर: संपाची पत्रकं, सभेची पत्रकं, निषेधाची पत्रकं. त्यामुळे एखादी गोष्ट चार लोकांपुढे स्वच्छ शब्दांत मांडली की निम्मं काम झालं, अशी माझी पक्की समजूत होती. आमच्या मंडळातली पाहुण्यांची भाषणं मला म्हणूनच फार मोलाची वाटत. वर्सोव्याच्या कोळ्यांचे एक पुढारी येऊन वाऱ्यांविषयी बोलून गेले. चेंबूरच्या बाजूचे एक कामगारपुढारी येऊन गेले. मोठ्या नावांच्या मागे न लागता शेजारपाजारच्या वस्त्यांचे पुढारी बोलवावेत, असा आग्रह मीच धरला होता, आणि शेतापलीकडच्या गावचे म्हातारे पुढारी बोलवायची सूचनाही माझीच.

मंडळाचे अध्यक्ष कोर्टात शिरस्तेदार होते, आता निवृत्त झालेले. सरळ माणूस, पण नियमाचा कडक. त्यांनी सभेचा क्रम घालून दिला होता: स्वागत, परिचय, भाषण, ठराव, आभार, मग चहा. आभार मानले की सभा संपली. त्यानंतर ठराव नाही. हा नियम त्यांनी उगाच केला नव्हता. पूर्वी एका गृहस्थांनी चहाच्या वेळी, निम्मे लोक घरी गेल्यावर, उरलेल्यांकडून आपल्या सोयीचा ठराव करून घेतला होता. रस्ता त्यांच्या दारावरून वळला. तेव्हापासून अध्यक्ष त्या बाबतीत कुणाचं ऐकत नसत, आणि तेव्हा मलाही तो नियम आवडला होता.

निमंत्रण द्यायला मी आणि मंडळाचा चिटणीस असे दोघे गेलो. चिटणीस माझ्याच वयाचा, माझा मित्र. शेतातून जाताना त्याने एका विहिरीशी थांबून पाणी काढलं आणि तोंड धुतलं. शेताच्या कडेने नव्या खुंट्या ठोकलेल्या होत्या. त्यातल्या एकीला ठेचकाळून तो कुणाला तरी शिवी हासडत पुढे निघाला.

म्हातारे ओसरीवर बसले होते. त्यांना सगळं गाव बाबा म्हणायचं, आम्हीही म्हणू लागलो. मी तोंड उघडून विषय काढायला गेलो तर त्यांनी हात वर केला.

"आधी खावा, मंग बोला. उपाशी पाहुन्याशी कामाचं बोलत नाय आमी."

आतून त्यांच्या बायकोने फुगे आणून ठेवले. मैद्याचे, तळलेले, गोल, गरम. आम्ही संपवेपर्यंत बाबा पावसाबद्दल बोलत राहिले. मी दोनदा मुद्द्यावर येऊ पाहिलं, त्यांनी दोनदा माझ्या ताटलीत आणखी एक फुगा टाकला.

"तू खा ना यार," चिटणीस मला म्हणाला. "भाषण काय पळून जात नाही." आणि बाबांकडे वळून, "बाबा, तुमची पद्धत झकास आहे. आमच्याकडे उलटं. आधी भाषण, नंतर खाणं."

"मंग चा देता ना?"

"देतो ना. चिवडापण देतो."

बाबांनी मान हलवली. खाणं झाल्यावर आम्ही विषय सांगितला: गावातल्या लग्नाच्या चालीरीती. त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"तुमचे मंडळाचा कागद कचेरीत चालतो?"

"चालतो म्हणजे?" चिटणीस फुलला. "आमचं गटार झालं ते कुणाच्या ठरावानं?"

"मंग येतो," बाबा म्हणाले.

परतताना आम्ही दोघंही खूश होतो. भाषणाला बोलावलं म्हणून म्हाताऱ्याला किती आनंद झाला, असं चिटणीस म्हणाला, आणि मलाही तसंच वाटलं.

सभेला बाबा काळा कोट घालून आले. सभा शाळेच्या एका वर्गात भरे, तो त्या दिवशी गच्च भरला होता. अध्यक्षांनी परिचय करून दिला, माझ्या मित्राने हार घातला आणि बाबा बोलायला उभे राहिले. हातात कागद नव्हता.

त्यांनी उंबराच्या पाण्याबद्दल सांगितलं. लग्नाच्या आदल्या दिवशी गावच्या विहिरीवरून पाणी आणायचं आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालायचं, ते उंबराचं पाणी. पुढे बँड, मागे लाल लुगड्यातल्या बायका गाणी म्हणत, आणि डोक्यावर कळशी घेतलेल्या बाईवर छत्री धरलेली.

"आधी विहिरीला मान द्यायचा. पूर्वी थोडी दारू वाहायचो. आता सरकारनं दारूबंदी केली, तं नारलाचं पानी वाहतो. विहीर पन सुधारली."

वर्ग खदखदून हसला. अध्यक्षही हसले.

"पानी त्याच विहिरीचं पायजे. माझे आईला त्याच पान्यानं न्हाऊ घातली, बायकोला पन. शेताच्या कडंची विहीर, तुमी बघितली असंल. दुसरं पानी चालत नाय." ते जरा थांबले. "माझे धाकटे पोरीचं लगीन हाय पावसाच्या आधी. एवढं बास. बाकी मंग बोलू."

आम्ही टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी विचारलं, तुमच्यात हळद लावतात का. लावतात, बाबांनी सांगितलं, आणि खाली बसले. अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही ठराव मांडायचा आहे का. एका सभासदाने मोकाट कुत्र्यांविषयी ठराव मांडला. तो एकमताने मंजूर झाला. मग आभार. बाबा सगळा वेळ दाराशी ठेवलेल्या किटलीकडे बघत होते.

चहा आला. त्यांनी कप शांतपणे संपवला, चिवड्याचा एक घास खाल्ला, मिशी पुसली आणि उठून अध्यक्षांपुढे हात जोडले.

"आता कामाचं बोलतो."

शेत विकलं गेलं होतं. नवा मालक चारी बाजूंनी भिंत घालणार होता आणि विहीर आत जाणार होती. शेत त्याचं होतं, त्याबद्दल गावाचं काही म्हणणं नव्हतं. विहिरीपर्यंत माणूस जाईल एवढी वाट सोडावी, इतकंच. कचेरीत त्याची सुनावणी त्याच आठवड्यात होती. ही वाट फक्त एका गावाची नाही, शेजारच्या वस्तीलाही ती हवी आहे, असा नागरिक मंडळाचा ठराव असला तर कचेरी विचार करील, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

अध्यक्षांनी कप खाली ठेवला. "अहो, मग हे भाषणात का नाही सांगितलंत?"

"चा यायची होती ना," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"तुमचे घरचं काय खाल्लं नवतं अजून. मागू कसा?"

अध्यक्षांनी टेबलावरचा छापील क्रम पुढे ओढला. मग म्हणाले, "सभा संपली, बाबा. आभार झाले. आता ठराव होत नाही."

मी मध्ये पडलो. पत्रकांत शिकलेलं होतं ते सगळं बोललो. नियम माणसांसाठी असतात, सभा म्हणजे हजर असलेले लोक, छापील क्रम नव्हे. अध्यक्षांनी ऐकून घेतलं.

"याच टेबलाशी, चहाचा कप हातात घेऊन, ठराव झाला होता मागे. तो तुला चालला नव्हता," ते म्हणाले. "आज पाहुणा चांगला आहे. उद्याचा कसा असेल?"

"किती जण उरलेत बघ तरी," चिटणीस हळूच म्हणाला. खरंच, वर्गात दहाबारा डोकी होती आणि त्यातलीही काही चपला शोधत होती.

मी आवाज चढवणार तेवढ्यात बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भांडू नको, पोरा. त्यांची रीत हाय. रीत मोडून घेतलेलं पानी काय कामाचं?"

ते उपरोधाने बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. तसं नव्हतं. त्यांना अध्यक्षांचं म्हणणं खरोखरच पटलं होतं. स्वतःची रीत पाळणारा माणूस दुसऱ्याच्या रीतीपुढे वाद घालत नाही, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि त्यावर काय लिहावं हे मला अजून सुचलेलं नाही. त्यांनी अध्यक्षांना चहाबद्दल धन्यवाद दिले आणि हार हातात गुंडाळून घरी गेले.

अध्यक्षांना झोप आली नसावी. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः माझ्या दारात उभे. खास सभा बोलवायची तर सभासदांना आठवडाभर आधी कळवावं लागे, तेवढा अवधी नव्हता. म्हणून त्यांनी स्वतःच्या नावाने अर्ज लिहिला होता. सुनावणीला आम्ही दोघं बाबांबरोबर गेलो. साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारलं, हे मंडळाचं मत आहे का. अध्यक्ष खोटं बोलू शकले असते. तिथल्या कुणी तपासलं नसतं. ते म्हणाले, "नाही. माझं एकट्याचं." बाहेर आल्यावर व्हरांड्यात त्यांनी टोपी काढली आणि नुसते उभे राहिले.

भिंत महिन्याभरात उठली.

पावसाच्या आधी एका संध्याकाळी आमच्या वस्तीत बँड वाजू लागला. आम्हांला वाटलं, आमच्यातलंच कुणाचं लग्न असेल. गॅलरीत येऊन बघतो तर बाबांच्या घरची मंडळी. पुढे बँड, मागे लाल लुगडी, कळशीवर छत्री. ती सगळी मिरवणूक आमच्या सार्वजनिक नळाशी येऊन थांबली. नळावर रांग होती. मिरवणूक रांगेच्या शेवटी उभी राहिली. बँडवाल्यांनी वाद्यं खाली केली. बायका गाणं म्हणत होत्या, पण हळू, परक्याच्या दारात म्हणावं तसं.

आमच्यातल्या एका बाईने आपली बादली बाजूला घेतली. मग दुसरीने. शेवटी सगळी रांग मागे सरली. बाबांनी पुढे होऊन नारळाचं थोडं पाणी नळाखालच्या सिमेंटवर ओतलं. कळशी भरायला फार वेळ लागला, धार बारीक होती. अध्यक्ष त्यांच्या दारात उभे होते. बाबांनी त्यांना पाहून मान लववली, त्यांनीही लववली.

जाताना बाबांच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं. "नलाचं पानी बी गोड लागंल," ती म्हणाली. मला धीर द्यायला म्हणाली, हे उघड होतं.

पुढच्या वर्षी आमच्या मंडळाने "लोप पावत चाललेल्या चालीरीती" असा विषय ठरवला आणि बाबांना पुन्हा बोलवावं असं कुणीतरी सुचवलं. चिटणीसाने जायचं नाकारलं. मी गेलो. बाबांनी फुगे खाऊ घातले, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "येतो की. आता काय मागायचं नाय, तं बरं बोलता येईल."

मी त्यांना आणलं नाही. घरी परतून विषय रद्द करायला लावला. ते योग्य केलं का, माहीत नाही. बाबा वाट बघत राहिले, असं नंतर कळलं.

वर्सोव्याचे पुढारी वाऱ्यांबद्दल बोलून गेले, तेव्हा त्यांच्या मनात काय होतं? चेंबूरचे आले ते कशासाठी? मी नंतर दोघांनाही विचारायला गेलो. एक भेटले नाहीत. दुसरे हसून म्हणाले, आता त्याचं काय.

दिंडोशीपासून मुलुंडपर्यंत आज शेतांवर वस्त्या उठताहेत. प्रत्येकीत मंडळ निघतं आहे आणि प्रत्येक मंडळाला पाहुणा हवा असतो. तुम्ही अशा मंडळात असाल तर एवढं करा. पुढच्या पाहुण्याला निमंत्रण धाडू नका, त्याच्या घरी जा. तो देईल ते खा, आणि उठायच्या आधी त्याला विचारा: आमच्याकडून तुम्हांला काय हवं आहे? तो सांगेल ते ठराव म्हणून लिहून घ्या आणि सभेत पहिल्यांदा तो ठराव मंजूर करा. भाषण आणि हार त्यानंतर ठेवा. या रविवारीच जा. तुमच्या शेजारच्या शेतातही खुंट्या ठोकलेल्या असतील.