माहेरच्या काकडीचं बी

आमच्या घरात पाठ्यपुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा बाळापुरातल्या एका छोट्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि उरलेला सगळा वेळ जुन्या रूढींविरुद्धच्या चळवळीला द्यायचे. शाई पसरलेली, तिरकी छापलेली पत्रकं ते घरी आणत. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. ‘बंधू-भगिनींनो’ हा शब्द मला ‘कमळ’च्या आधी वाचता आला. माझ्या वह्यांना कव्हरं त्यांचीच, चूल पेटवायला कागद तोच, आणि आईच्या बियांच्या पुड्याही त्याच कागदाच्या. दोडक्याचं बी ‘जागे व्हा’मध्ये, कारल्याचं ‘जाहीर निषेधा’त.

परसात आईची बाग होती. बाभळीच्या काट्यांचं कुंपण, कापसाच्या पऱ्हाट्यांचा मांडव, त्यावर दोडका आणि कारलं, खाली भेंडीची ओळ, मोरीच्या पाण्यावर वाढलेली एक पपई आणि कोपऱ्यात काकडी. काकडीचं बी आईला तिच्या आईनं दिलेलं. आजी गेली, मामांनी जमीन विकली, माहेरचं म्हणून राहिलं ते एवढंच. दर उन्हाळ्यात आई एका चांगल्या काकडीला चिंधी बांधायची. ती कोणी तोडायची नाही. ती वेलावरच पिवळी व्हायची आणि तिचं बी पुढच्या सालासाठी राखलं जायचं.

बाबांच्या पत्रकांनी आमच्या घरात एक काम मात्र केलं होतं. पाळीच्या दिवसांत आई बाजूला बसत नसे. स्वयंपाक करायची, पाणी भरायची. गल्लीत त्यावरून बायका बोलायच्या, आई ऐकून सोडून द्यायची. पण बागेत त्या दिवसांत पाऊल टाकायचं नाही. वेलाला विटाळ सोसत नाही, काकडी जळून जाते, हे तिला आजीनं बियांबरोबरच दिलं होतं, आणि पत्रकांत काकडीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. आईला अडचण आली की मी पाणी घालायचे, मला आली की आई. आम्ही दोघी होतो म्हणून नियम कधी अडला नाही, आणि अडला नाही म्हणून तो खरा की खोटा हेही कधी कळलं नाही.

हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तेव्हाचा तो उन्हाळा. मी दहावीची परीक्षा देऊन घरी बसले होते. वसमतला माझ्या धाकट्या मावशीचं बाळंतपण निघालं आणि आईला जावं लागलं. बाबा सभांसाठी खेड्यापाड्यांत फिरत होते. माझ्या सोबतीला रात्री शेजारची काकी झोपायला येणार होती.

एसटीत चढता चढता आई म्हणाली, “बाकी सगळं वाळलं तरी चालंल, पन चिंधीच्या काकडीवर ध्यान ठिव. औंदा पुडीत एकबी दाना राह्यला न्हाई.”

ते खरं होतं. पहिलं पेरलेलं बी मुंग्यांनी नेलं होतं. उरलंसुरलं तिनं पुन्हा पेरलं, त्यातून एकच वेल जगला होता.

“आन् अडचन आली तर काकीला सांग. तिचं बंद झालंय.”

आई गेली आणि आठवड्याभरात माझे दिवस आले. बाहेर पत्रा तापून कडकड वाजत होता. अशा उन्हात वेलाला दोन दिवस पाणी चुकलं तरी तो गेला असता. काकीला हाक मारली असती तर तिनं आनंदानं बादली उचलली असती. मी हाक मारली नाही. बाबांची पत्रकं मला पाठ होती, आणि पाठ असलेलं फक्त सभेत टाळ्यांसाठी असतं असं मला वाटत नव्हतं. मी हापशावरून बादल्या आणल्या आणि काकडीच्या बुडाशी ओतल्या.

काकी कुंपणापलीकडून शेळ्यांना पाला टाकत होती. दोरीवरच्या कपड्यांवरूनही तिला सगळं कळायचं. “काहून गं पोरी, तू काहून पानी घालून राहिली? मला सांगायचं ना!”

“तुमच्या शेळ्यांनापन मीच पानी पाजलं सकाळी. त्या वाळल्या का?”

“शेळी चालती-फिरती हाय, झटकून टाकते. वेल बिचारा एका जागी बसल्याला, तो कुठं पळंल?”

मी रिकामी बादली उचलून पुन्हा हापशाकडे गेले.

नेमक्या त्याच दिवसांत काकडीची पानं बिघडायला लागली. आधी बारीक भोकं, मग जाळी, मग कडा तपकिरी. काकीनं कुंपणावरून मान लांब करून पाहिलं. “तुझ्या मायला आता काय सांगशील? तिचं माहेर बुडवलं म्हून?”

वेल गेला असता तर काकडीबरोबर माझं म्हणणंही गेलं असतं, आणि पुढे जन्मभर प्रत्येक वाळलेल्या पानाचा दोष बायकांच्याच माथी बसला असता. चुलीत घालायची पत्रकं बाजूला ठेवून मी पानं एकेक उलटी करून पाहिली. खाली लालसर भुंगे चिकटले होते. उन्हात हात लावला की उडून जायचे. पहाटे मात्र सुस्त असायचे. मग मी उजाडायच्या आत उठू लागले. भुंगे वेचून रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवायचे, पाणी शिंपडलेल्या पानांवर चुलीची राख चाळणीनं भुरभुरायची, आणि मग पाणी घालायचं. पाळीच्या दिवसांतही आणि नंतरही, एक सकाळ चुकवली नाही.

असंच एकदा वेचताना काकीच्या दोडक्याकडे लक्ष गेलं. त्याच्या पानांचीही जाळी झाली होती. तिच्या परसात तर त्या दिवसांतल्या बाईला फिरकायची सोय नव्हती.

“काकी, तुमच्या वेलाला कुनाचा विटाळ झाला?”

काकीनं पान उलटं केलं, भुंगा बघितला, आणि जराही न डगमगता म्हणाली, “तुझ्याच घरून उडून आलाय मेला.”

पण दुसऱ्या पहाटे तिच्याही हातात राखेची चाळणी होती.

वेलाला नवा शेंडा फुटला. चिंधीची काकडी पिवळी पडू लागली आणि दुसऱ्या कोवळ्या काकड्या धरल्या. त्यातल्या दोन घेऊन मी काकीकडे गेले. लपवून खाऊ घालणं मला पटणारं नव्हतं. “काकी, या मी त्या दिवसांत पानी घातलेल्या हायेत. घ्यायच्या तर घ्या.”

“ठिव तिथं वट्यावर.”

संध्याकाळी ओटा रिकामा होता. “शेळीनं खाल्ल्या,” काकी म्हणाली. दोन-तीन दिवसांनी कुंपणापाशी येऊन तिनं इकडंतिकडं बघितलं. “शेळी आनखी एखांदी मागून राहिली.”

“मीठ लावून देऊ का शेळीला?”

“तिखटबी लाव जरा.”

आई परतली तेव्हा पिशवी दारात ठेवून आधी परसात गेली. मी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. तिनं उकिडवं बसून चिंधीच्या काकडीवर हात फिरवला.

“काकडी तर धरली,” ती म्हणाली. “बी धरलं का न्हाई, ते पेरल्यावर कळंल.”

मला राग आला होता. एवढं डोळ्यांसमोर असून तिला अजून पुरावा हवा होता. पण तिचं माहेर त्या काकडीत होतं, माझं नव्हतं. तिनं बी काढलं, धुऊन राखेत घोळवून सावलीत वाळवलं आणि पत्रकाच्या पुडीत बांधलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं ते पेरलं. आळं भरून रोपं आली, इतकी की विरळ करावी लागली. आई त्या वेळी अडचणीतच होती. मला हाक न मारता तिनं बादली उचलली.

काकी कुंपणाशी उभी होती. “बाई, त्या काकडीचं थोडं बी असंल तर दे ना.”

आईनं पुडी पुढे केली आणि हातात पडायच्या आधी म्हणाली, “माझ्या पोरीनं त्या दिवसांत पानी घालून वाढवल्याल्या काकडीचं हाय. आधीच सांगून ठिवते.”

“मला काय करायचं त्याचं?” पुडी कनवटीला लावत काकी म्हणाली. “मी कुठं माझ्यासाठी मागून राहिली? शेळीला पाहिजे.”