कंपनीनं नाही म्हटलं तेव्हा

चहा घ्या आधी. स्वतःच्या शहाणपणाची गोष्ट मला कोरड्या घशानं सांगता येत नाही.

मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माझी तुरीची अडत. तीस वर्षं शेतकरी आणि व्यापारी यांच्या मध्ये बसून मी एकच विद्या शिकलो, माणूस बोलेल त्याचा उलटा अर्थ लावायचा. व्यापारी मूठभर तूर हातात घेऊन 'हलका माल हाय' म्हणाला, की समजावं, त्याला सगळी थप्पी पाहिजे. 'अजून कुणाशी बोलणं न्हाई' म्हणाला, की सौदा कालच झालेला. मोंढ्यात ही विद्या कधी चुकली नाही, खोटं कशाला बोलू?

माझी थोरली बहीण शांताअक्का सोनपेठला सरकारी दवाखान्यात नर्स होती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. रिटायर झाल्यावर आमच्या मागच्या खोलीत राहायला आली. तिथं तिची खाट आणि माझी रिकामी पोती. दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिनं पुण्याच्या एका कॉम्प्युटर कंपनीचे शेअर घेतले होते. आम्ही तेव्हा हसलो होतो.

मग एका वर्षी त्या शेअरचा भाव आभाळाला भिडला. परदेशातली कुणी बडी कंपनी ही कंपनी विकत घेणार, अशी आवई उठली. मोंढ्यात कॉम्प्युटर कुणी पाहिला नव्हता, पण तो घरोघरी येणार याबद्दल कुणाला शंका नव्हती. हमालसुद्धा विचारायचे, "बापू, गोरे लोक कवा यायलेत?"

अक्काचा बेत साधा होता. शेअर विकायचे आणि परभणीत दोन खोल्यांचं घर घ्यायचं. घर बघूनही ठेवलं होतं. स्वतःच्या दाराला स्वतःचं कुलूप, एवढंच तिला हवं होतं.

तेवढ्यात कंपनीचं पत्र आलं. अक्कानं चष्मा लावून वाचलं.

"बापू, कंपनी कुणालाच विकायची न्हाई म्हणायलेत. लोकांनी उगं लय आशा धरू नये, असं बी लिवलंय. मी उद्याच विकते."

मला हसू आलं. "अक्का, विकायची नसती तर पत्र कशाला धाडलं असतं? सौदा झालाय. आता तुझ्यासारख्यांकून स्वस्तात शेअर गोळा करायलेत."

"पर खाली सायबाची सही हाय की."

"सही कराया काय जातंय? मोंढ्यात केस पांढरे केले मी. दिवाळीपस्तोर थांब."

ती थांबली. तिला मोंढ्यातलं काय कळणार? आणि मला पुण्यातलं काय कळत होतं, हे विचारायला तिथं कुणी नव्हतं.

दिवाळीला गोरे आले नाहीत. भाव मात्र उतरला. "गोळा करायलेत," मी म्हणालो. संक्रांतीला आणखी उतरला. "बघ, किती पक्का सौदा हाय," मी म्हणालो. पाडव्यापर्यंत परभणीचं घर दुसऱ्यानं घेतलं आणि शेअरच्या कागदांना रद्दीवालाही विचारीना.

कंपनी कुणीच घेतली नाही. पत्रातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. तीस वर्षांत पहिल्यांदा एक धंदेवाला आमच्या घराशी खरं बोलला, आणि नेमका तोच मला लबाड वाटला.

अक्का भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं ते पत्र घडी घालून ट्रंकेत ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "परक्यानं खरं लिवलं होतं, बापू. मी आपल्या माणसाचं ऐकलं."

फार लाज वाटली मला. अजून वाटते. ती अजून आमच्या मागच्याच खोलीत आहे. आणि मोंढ्यातले लोक भावाचा अंदाज विचारायला अजून माझ्याकडंच येतात, मी सांगतोसुद्धा.