नानांनी सोडलेला कंटेनर

त्या दिवशी मी चुकून बायकोचा फोन घेऊन ऑफिसला गेलो. एकावर एक फ्री मिळाली म्हणून दोघांच्या फोनना सारखीच काळी कव्हरं आणणारा शहाणा मीच, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार... आणि आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. अमावस्येलाही खांदा कॉलनीतून स्कूटर काढताना मी फक्त खड्ड्यांना घाबरतो.

उरणजवळ द्रोणागिरीच्या एका गोदामात गेटमधून माल सोडायचं काम माझ्याकडे. पूर्वी कागदावर सही ठोकली की गाडी सुटायची. आता सगळं क्लाउडवर. त्यात नवी सिक्युरिटी — माणूस, फोन, जागा नेहमीची दिसली तर आत घेते; जरा काही वेगळं वाटलं की रिस्क ‘हाय’ आणि दार बंद.

मी अनोळखी फोनवरून लॉगिन केलं, वर घाईत पासवर्डही चुकवला. झालं! लाल पट्टी: ‘रिस्क हाय. वरिष्ठांची मंजुरी आवश्यक.’

वरिष्ठ विमानात. माझा फोन घरात कुलूपबंद, बायको आपटा गावी बहिणीकडे. आणि गेटवर दर्शनाताईंचा कोळंबीचा कंटेनर उभा. उरणच्या बाई, त्यांचा पहिलाच माल परदेशी निघालेला. दुपारी बंदराचं गेट बंद झालं की बोट गेली, ऑर्डरही गेली. घरी जाऊन यायचं तर जासईचं ट्रॅफिक.

हेल्पडेस्कला फोन लावला.

“सर, तुमचा रिस्क स्कोअर हाय आहे.”

“अहो, याच खुर्चीत बसून माझे केस गेले!”

“सर, सिस्टिमला खुर्ची दिसत नाही.”

काचेवर टकटक. दर्शनाताई. “साहेब, तुमी तुमीच हाय ना? मंग सांगा ना त्या मशीनला!”

तेच तर सांगत होतो सकाळपासून! मी म्हणजे मीच, हे सिद्ध करता येईना. अक्षरशः रडायला आलं. नाना हवे होते असं वाटलं.

नाना म्हणजे माझे जुने सीनियर, गेल्या वर्षी वारले. फोनवरून कुणी गाडी सोडायला सांगितली की ते आधी विचारायचे, “डब्यात काय हाय?” आवाज कुणीबी काढंल, म्हणायचे, घरचा डबा घरचाच माणूस सांगंल. मी फोन केला की आपला दरवेळी “भाजी असेल काहीतरी” म्हणायचो. ते हसायचे. “तूच रं तू. दुसऱ्या कुणाला एवढं अडाणी राहता नाय येनार.”

डोकं धरून बसलो होतो, तेवढ्यात स्क्रीन हिरवी झाली. मंजूर!

मी आधी कंटेनर सोडला. दर्शनाताई हात जोडत गाडीमागे पळाल्या. मग नीट वाचलं. मंजुरी देणारे: नाना. रिस्क: लो. ठिकाण: नेहमीचं. आणि खाली शेरा —

‘डब्यात जवळा-वांगं. याला ठाव नाय, म्हंजे तोच हाय. सोडा.’

नानांचं अकाउंट ते गेल्यावर मी स्वतः बंद केलं होतं. मी जिवंत, तर रिस्क हाय... आणि त्यांची लो!

डबा अजून स्कूटरच्या डिकीत होता. जाऊन उघडला. वांग्याच्या फोडींत बारीक सुकी कोळंबी. जवळा-वांगं.

नानांचा तो प्रश्न ऑफिसात सगळ्यांना माहीत होता, मान्य. कुणी चेष्टा केली म्हणावी, तर डिकीची चावी माझ्या खिशात. हेल्पडेस्क म्हणतं, “सर, असं अकाउंटच सिस्टिममध्ये नाही.” शेवटी त्यांनी ‘तांत्रिक बिघाड’ लिहून तक्रार बंद केली. बिघाडाला जवळा कळतो का हो? विचारलं, तर त्यांनी फोन ठेवला.

कंटेनर वेळेत बोटीवर चढला, एवढं खरं.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. तिने शांतपणे आपला फोन माझ्या हातातून काढून घेतला, रिकामा डबा सिंकमध्ये ठेवला आणि म्हणाली, “म्हणजे मी डब्यात काय देते, ते गेलेल्या माणसालाही ठाऊक. फक्त तुम्हाला नाही.”