ओटीतली कणसं

माझ्या जिभेला हाड नाही, असं माझी सासू म्हणायची. सासू गेली, पण तिचं ते म्हणणं गावाने जपून ठेवलं. आता म्हातारपणी नातवाच्या पाटीवर अक्षरं गिरवून मी चार ओळी लिहायला शिकले, तर सगळ्यात आधी हेच लिहावंसं वाटतं की त्या जिभेपायी माझ्या नणंदेचा घास गेला. दुसऱ्या कुणाचा दोष नव्हता असं मी म्हणणार नाही, दोष पुष्कळांचा होता. पण चावडीवर उभी राहून बोलले ती मीच.

ते निजामाचं राज्य. वडवणीपासून दीड कोसावर आमचं गाव, सगळं काळं रान. आम्हाला मात्र त्यातलं वीतभर नव्हतं. माझा नवरा मालकांकडे सालगडी होता आणि त्याच्या सालाच्या धान्यात तो, मी आणि दोन लेकरं कशीबशी खात होतो. त्यात नणंद आली. ती पाटोद्याकडे दिली होती. तिच्या नवऱ्याने उखळातल्या मुसळाने मारून तिचा डावा पाय अधू केला, तेव्हा ती तशीच लंगडत, वाटेत दोन मुक्काम करून माहेरी आली. तिला बांध ओलांडून रानात जाता यायचं नाही, म्हणून दळणकांडण आणि लेकरं तिने सांभाळायची, आणि मी मोकळ्या हाताने मजुरीला जायचं. नणंद-भावजयीचं पटत नाही असं लोक म्हणतात. आमचं पटलं. जात्यावर दोघी समोरासमोर बसलो की माझ्या तोंडातून निघणाऱ्या शिव्यांना ती हसायची, आणि हसणारं माणूस त्या घरात मला दुसरं कुणी नव्हतं.

नवरा वाईट नव्हता, पण पाच तोंडं मोजून तो थकला होता. तिला येऊन दोन वर्षं झाली, त्या संक्रांतीला त्याने मला स्वच्छ सांगितलं, "तिचं तिला पेरणीपातूर पुरलं तर ऱ्हाऊ दे. न्हाई पुरलं तर मी तिला सासरी नेऊन घालतो. मारलं तर मारलं, खायला तर घालत्याल." नणंद भिंतीपलीकडेच होती. तिने ऐकलं.

तिचं तिला कसं पुरायचं ते सांगते. शाळू जोंधळा निघाला की मालकांच्या रानात आम्ही पंधरा-वीस बायका कणसं खुडायला जायचो. उपटून आडव्या टाकलेल्या ताटांची कणसं मोडायची आणि ढिगावर नेऊन टाकायची, दिवसभर कमरेत वाकून. मजुरी म्हणजे दिवसाला एक टोपलं कणसं. आणि अंधार पडायच्या आधी, ढिगाकडची शेवटची फेरी टाकताना, लुगड्याच्या ओटीत जेवढी कणसं असतील तेवढी बाईची. कुणी तसं बोललेलं नव्हतं, कुणी मोजत नव्हतं. मालकांचा कारभारी त्या वेळी बैल सोडायला जायचा नाहीतर तोंड फिरवून तंबाखू मळायचा. टोपल्यातली कणसं आमच्या कणगीत जायची. ओटीतली कणसं नणंद काठीने बडवायची, पाखडायची आणि एका वेगळ्या मडक्यात भरायची. ते मडकं तिचं. खुडणी तीन आठवडे चालायची, आणि त्या मडक्यावर ती दोन वर्षं माहेरी राहिली होती.

त्या साली टोपलं लहान झालं. आधी आम्हाला वाटलं, आपल्यालाच तसं वाटतंय. पण पहिल्याच दिवशीची कणसं बडवली तर दोन शेर पण भरेना. वर काणी लागलेली काळी कणसं पसरलेली, हाताला काजळी लागायची. मालकांनी बुरुडाकडून नवी टोपली विणून घेतली होती. मी घरी गेले आणि आढ्याला टांगलेलं जुनं टोपलं काढलं. आदल्या साली कड मोडली म्हणून मालकिणीने ते मला शेण भरायला दिलं होतं. नवं टोपलं मी त्यात ठेवलं. ते आत बसलं, आणि बाजूने माझी चार बोटं गेली.

मग मला कसला धीर निघतोय! नेमका त्याच आठवड्यात तहसीलदारसाहेबांचा दौरा आला. चावडीवर सतरंजी अंथरली होती आणि गावचे सगळे जमीनवाले बसले होते. बोलणं चाललं होतं मजुरीचंच. लांब कुठंतरी लढाई चालू होती म्हणे, आणि तिच्यापायी मीठ, रॉकेल, कापड सगळं महागलं होतं. गडी वडवणीच्या बाजारात कुरकुरायला लागले, ते साहेबांच्या कानावर गेलं होतं. मजुरी वाढवावी की नाही यावर जो तो बोलत होता. ज्याला मजुरी घ्यायची होती असा एकही माणूस त्या सतरंजीवर नव्हता.

दोन टोपली डोक्यावर घेऊन मी आले तेव्हा दारातला शिपाई म्हणाला, "बाई, आत जातीस तर आमच्याबी पगाराचं एक टोपलं ने. त्येबी असंच आटत चाललंय." मी त्याला म्हटलं, "तुमी तुमचं न्या, मला माझंच लई झालं."

मी आत गेले. जुनं टोपलं साहेबांसमोर ठेवलं आणि नवं त्यात बसवलं. मग बाजूच्या फटीत चार बोटं घालून दाखवली. माझ्यामागून आलेल्या खुडणीच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. साहेब आधी समजले नाहीत. त्यांच्या कारकुनाने, पेशकाराने, कानात सांगितलं तेव्हा मोठ्याने हसले आणि म्हणाले, "बाई की बात में दम है." मालकांचं तोंड उतरलं. खोटं कशाला बोलू, जन्मात एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. लग्नातही नाही.

तिथे मालकांचे चुलते बसले होते, थोरले मालक. खवट म्हातारा, गावात कुणाशी सरळ बोलायचा नाही. ते पुतण्याला म्हणाले, "जुनं टोपलं चालू कर. वाडवडलापासनं चालत आलंय ते मोडू नगंस."

मालक तोवर सावरले होते. ते हसून साहेबांना म्हणाले, "टोपल्याचं भांडणच नको सरकार. जमाना बदललाय, मी रोख देतो. दिवसाला दोन आणे. मग लहान न्हाई का मोठं न्हाई."

थोरले मालक कडाडले, "बायकांच्या हातात रोकड देतोस? धान्यच दे. पैशाची काय भाकर थापत्यात का?"

आणि इथे माझी जीभ सुटली. जुनं टोपलं चालू कर, हे म्हातारा माझ्याच बाजूने बोलला होता, ते मी ऐकलंच नाही. बायकांच्या हातात रोकड नको, एवढंच माझ्या कानाला झोंबलं. मी म्हटलं, "का वं? आमच्या हाताला काय घाण लागलीया? तुमच्या काळ्या कणसांची तरी कुठं भाकर होती? आमाला रोखच पायजे." बायका मागून "व्हय, व्हय" म्हणाल्या. मी मनात हिशेब केला होता. त्या दिवशीच्या बाजारभावाने दोन आण्याला अडीच शेर जोंधळा येत होता, टोपल्यात दोनही निघत नव्हता. साहेबांनी मान हलवली, पेशकाराने लिहून घेतलं. मालकांनी आपणहून इतक्या चटकन आणि इतक्या गोडीने रोख देऊ केली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण कोल्हं काकडीला राजी. मी जुनं टोपलं मागायला गेले होते आणि रोखीचा शब्द घेऊन नाचत घरी आले.

नणंदेला सगळं नक्कल करून सांगितलं. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "वयनी, आता मी जात न्हाई बघ."

दुसऱ्या दिवशी आम्ही मन लावून खुडलं. सूर्य बुडायला आला तशी मी रोजच्यासारखी शेवटची फेरी टाकली, ओटीत कणसं भरली आणि घराकडे वळले. कारभारी आज बैलांकडे गेला नव्हता. ढिगाजवळ उभा होता. तो म्हणाला, "ए बाई, ती ढिगावर टाक."

"कावून?" मी म्हटलं. "ही ओटीची हायेत."

"ओटी कसली आता? तू रोखीवर हायस. दाण्यावर होतीस तवा व्हती ओटी."

तो चिडून बोलला नाही. उलट समजावून सांगितल्यासारखं बोलला. आजवर ज्या ओटीवर कुणी बोललं नाही ती मजुरीत धरायची असते हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. टोपलं मी बोटांनी मोजलं. ओटी कोण मोजतं? मी पदर सोडला आणि कणसं ढिगावर पडली. माझ्यामागे एकेक बाई आली आणि आपली ओटी रिकामी करून गेली. कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

त्या संध्याकाळी नणंद काठी घेऊन अंगणात बसली होती. मी रिकामी आले तशी तिने काठी कुडाला लावून ठेवली.

पुढचं सांगायला फार नाही. पैसे रोज मिळाले नाहीत, बाजाराच्या दिवशी एकदम मिळायचे. पहिल्या बाजारी अडीच शेराने जोंधळा आला, दुसऱ्या बाजारी दोनाने. माजलगावच्या व्यापाऱ्यांच्या गाड्या वडवणीत आल्या आणि पोती भरभरून घेऊन गेल्या. त्यानंतर दोन आण्याला दीड शेर मिळाला, आणि वाणी म्हणाला, "घे बाई, पुढल्या बाजारी हाबी न्हाई मिळायचा." नगरकडून येणारा माल तो इंग्रजांच्या कलदार रुपयाने घ्यायचा आणि आमचा निजामाचा हाली पैसा त्याच्यापुढे हलका पडायचा, असं तो समजावून सांगायचा. सांगायचा मात्र अगदी आपुलकीने. शिवाय पैसा घरात आला की त्याला सगळ्यांचे हात. कणगीत दाणे होते तोवर त्यांना फक्त माझा आणि नणंदेचा हात लागायचा. पैसे आले तसं नवऱ्याला तंबाखू आठवली, चपलेचा अंगठा आठवला, मला मीठ आठवलं. नणंदेचं मडकं त्या साली एकदाही भरलं नाही.

खुडणी संपत आली तेव्हा आम्ही बायका मालकांच्या दारात गेलो. म्हटलं, नवं टोपलं तर नवं टोपलं, पण ओटीसकट दाणे द्या. मालक ओसरीवर सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "चावडीवर सरकारसमोर तूच मागितलंस, बाई. सरकारी कागदावर चढलंय. आता मी कसा मोडू?" थोरले मालक आत बाजेवर पडले होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. ते एखादी शिवी तरी हासडतील अशी मला आशा होती. परतताना एक बाई म्हणाली, "तुझ्या टोपल्यानं आमची चूल इजवली." इतर गावांतल्या मालकांनीही पुढच्या साली रोख चालू केली, आणि ओटी सगळ्या शिवारातून गेली. आजतागायत ती परत आलेली नाही.

ज्येष्ठ निम्मा झाला आणि कणगीचा तळ दिसला. लेकरांना आम्ही पातळ आंबील पाजत होतो. नणंद आधीच एक वेळ खायची, मग तीही पाणी पिऊन उठायला लागली. नवऱ्याने काही म्हणायची वाट तिने बघितली नाही. एक दिवस दुपारी जातं पुसून घेतलं, पीठ लागलेला कुंचा जागेवर ठेवला आणि म्हणाली, "दादाला म्हणावं गाडी नगं. मी जाते हळूहळू."

मी ओरडले. तिला, नवऱ्याला, मालकांना, वाण्याला, सगळ्यांना शिव्या घातल्या. ती हसली नाही. ती म्हणाली, "वयनी, तू कशापायी गेलीस चावडीवर ते मला ठावं हाय. आता गप ऱ्हा."

लेक माहेराहून निघाली की तिची ओटी भरतात. काही नाही तरी मूठभर दाणे घालतातच, रिकाम्या ओटीने लेक पाठवू नये. कणगीत मी हात घातला तर मातीच हाताला लागली. शेजारी मागायला गेले, तर सुगीत माझ्याबरोबर खुडणाऱ्या दोघींनी दार अर्धं उघडून "न्हाई गं" म्हटलं. खरंच नव्हतं की माझा राग होता, ते मी विचारलं नाही. मग फडक्यात बांधलेले खुडणीतले शेवटचे दोन आणे राहिले होते, ते काढले. नणंदेने ओटी पसरली. मी त्यात ते पैसे टाकले. तिने पदराला गच्च गाठ मारून तो कमरेला खोचला, चालताना पैसे वाजले तर सासरी काढून घेतील म्हणून.

ती गेली ती पुन्हा माहेरी आली नाही. तीन वर्षांनी पाटोद्याचा एक माणूस बाजारात भेटला. त्याने सांगितलं की ती गेल्या पावसाळ्यात वारली, आणि तिच्या लुगड्याच्या गाठीत हाली दोन आणे तसेच निघाले.