बुडाचा प्रश्न

सर्व संबंधितांस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, विश्वातलं एक फार मोठं कोडं नागपुरात, इतवारीतल्या एका गल्लीत, भर दुपारी सुटलं होतं. त्याची नोंद कुठल्याही ग्रंथात नाही. त्या वेळी मी घटनास्थळी, अगदी नको तितका जवळ हजर होतो, म्हणून ही नोंद मीच करतो आहे.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. त्या श्रावणात गल्लीतल्या वाचनालयात ‘अंतराळातली न सुटलेली कोडी’ या विषयावर माझं व्याख्यान झालं. श्रोते अकरा होते, त्यातले तिघे पंख्यासाठी आले होते. नाडीसारखे ठोके देणारे तारे मी सांगितले. आकाशातून येऊन सगळं जंगल आडवं करून गेलेलं आणि मागे खडासुद्धा न सोडणारं काहीतरी सांगितलं. शेवटी आवाज खाली आणून कृष्णविवर सांगितलं. आत गेलेलं काहीच परत येत नाही, प्रकाशसुद्धा नाही, आणि ते जातं कुठे हे कुणालाच ठाऊक नाही.

पहिल्या रांगेत डुलक्या घेणारे किराणा दुकानदार ताठ बसले. ते आमच्या बडग्या मंडळाचे अध्यक्ष. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत नावाच्या राक्षसिणीचा पुतळा निघतो. घराघरातली ईडापीडा ती गावाबाहेर नेते, आणि तिच्यासोबत गल्लोगल्लीचे बडगे निघतात. बडग्या म्हणजे त्या वर्षी लोकांना छळणाऱ्या गोष्टीचा बांबूकागदाचा पुतळा. मिरवायचा, शिव्या घालायच्या आणि जाळायचा. अध्यक्षांचा एक अर्ज कुठल्याशा कचेरीत दोन वर्षांपूर्वी आत गेला होता आणि अजून बाहेर आला नव्हता. माझं कृष्णविवर त्यांना लगेच ओळखीचं वाटलं. यंदाचा बडग्या हाच, असं त्यांनी तिथेच जाहीर केलं. मी टाळ्या वाजवल्या. असल्या वेळी गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही.

पण बडग्या करणार होता बुरूडमामा, आणि त्याची मान आधीच सुरीखाली होती.

मामा मूळचा मौद्याकडचा, टोपल्या आणि सुपं विणणारा. गल्लीचा बडग्या त्याच्या बापापासून त्यांच्याच हातचा. आमच्या गल्लीचा बाणा असा, की बडग्याला पाटी लावायची नाही; ज्याला पाटी लागते तो बडग्याच नव्हे. आदल्या वर्षी मामाने साठेबाज केला. पोट मोठं, फेटा मोठा. वाटेत लोकांनी त्याला नवरदेव समजून नमस्कार केले. पलीकडच्या गल्लीतले एक म्हातारे दरवर्षी शिंप्याच्या ओट्यावर बसून सगळे बडगे पारखायचे. त्यांनी सावकाश विचारलं होतं, “हे काय होय गा?” ते चार शब्द गल्लीने वर्षभर ऐकले. यंदाही कुणी तसं विचारलं, तर काम दुसऱ्याकडे जाईल, असं अध्यक्षांनी बजावलं होतं. मामाने बायकोला सांगून ठेवलं होतं की तसं झालं तर तो बांबूला पुन्हा हात लावणार नाही.

अशा माणसाला मी न दिसणारी वस्तू करायला लावली होती. तो रोज संध्याकाळी माझ्या दारात उकिडवा बसायचा.

“मास्तर, ते दिसते कसं?”

दिसत नाही, असं मी सांगितलं.

“मंग मी बनवू काय?”

आजूबाजूचं सगळं आत ओढलं जातं त्यावरून ते कळतं, असं मी म्हटलं. तो दोन दिवस फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी खरा प्रश्न घेऊन आला.

“त्याले बूड हाय का?”

मी प्रामाणिकपणे म्हणालो की तेच तर कुणाला माहीत नाही. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आम्ही गृहपाठ न केलेल्या पोराकडे पाहतो.

“चाळीस वर्सं झाली टोपले इनून राहिलो. बूड माहीत नसन तं इनाव कसं गा?”

मग माहीत नसलेलं सोडून दे, असा सल्ला मी दिला. शास्त्रज्ञही तेच करतात.

मामाने ते सोडून दिलं. पोळ्याच्या दिवशी बडग्या त्याच्या अंगणात आडवा पडला होता. बैलगाडीएवढा लांब, पुढे दीड पुरुष उंच तोंड, आणि मागे निमुळता होत गेलेला. कडेला पिवळ्या कागदाचा कंगोरा, आत एकात एक वेढे, कोळशाची पूड खळीत कालवून काळेकुट्ट केलेले. मी आत डोकावलो आणि मला माझ्याच व्याख्यानाची जरा भीती वाटली. मागच्या टोकाला मामाने विणणं थांबवलं होतं. तिथे घागर जाईल एवढं भोक तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी आठ जणांनी तो खांद्यावर घेतला. कुणी काही विचारलंच तर हळूच सांगावं, म्हणून मला भोकामागे चालायला लावलं. मामा पुढे होता. पहिल्या वळणापर्यंत कुणी हसलं नाही, शिवी दिली नाही. नुसते बघत होते. मामाची मान घामाने चमकत होती.

शिंप्याचा ओटा आला. म्हातारे होतेच. त्यांनी तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकला. बोलायच्या आधी ते तसंच करत. मामा उभा राहिला, तसे आठही जण थांबले.

तेवढ्यात समोरच्या दारातून एक म्हातारी जुना खराटा घेऊन आली. या दिवशी घरातलं झिजकं-फुटकं बाहेर काढायची आमच्याकडे चाल आहे. तिने एकदा त्या काळ्या तोंडाकडे पाहिलं. कुणाला काही विचारलं नाही. “खासी, खोकला घेऊन जाय गे मारबत,” म्हणत तिने खराटा आत भिरकावला. मागोमाग फुटकं सूप आलं, तुटकी चप्पल आली, बिनदांड्याची कढई आली. शेवटी ओट्यावरचे म्हातारे काठी टेकत उतरले आणि त्यांनी आपली मोडकी छत्री आत टाकली. विचारायचं ते विसरले असावेत. पुढे मामाचे हात चालेनासे होईपर्यंत गल्लीचा बडग्या त्याच्याकडेच राहिला, तो त्या छत्रीमुळे.

मामाने वळून माझ्याकडे बघितलं. एवढं सुखी तोंड मी त्याच्या लेकीच्या लग्नातही पाहिलं नाही. मग त्याने निघायची खूण केली. पुढे विजेची तार खाली आलेली होती. पुढचे चौघे वाकायचं सोडून, नेमकं उलट, खांद्यावरचे बांबू उंच उचलून तोंडाच्या कडेनेच तार वर ढकलायला लागले. बडग्याचं तोंड आकाशाकडे झालं, आत खडखडाट झाला आणि खराटा, सूप, चप्पल, कढई, छत्री या क्रमाने सगळं माझ्या अंगावर आलं. मिरवणूक थबकली. म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “अगा मास्तर, माही पीडा तं मांगून बाहीर निघून राहिली नं!”